कर्त्याची बाही

वसईच्या बाजारात एखाद्या दिवशी तुमचाच शर्ट तुम्हाला समोरून सायकलवर येताना दिसायचा. दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापलेल्या आणि आत भलताच माणूस. तो तुम्हाला ओळख द्यायचा, घंटी वाजवायचा आणि पुढे निघून जायचा. निर्मळ-भुईगावकडच्या कौलारू घरांतून राहिलेल्या बऱ्याच जणांनी हा अनुभव घेतला आहे. त्या माणसाला सगळे बाहीवाला म्हणत. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की माणसाला मोठेपणा दिल्यासारखं होतं आणि मला त्याला मोठेपणा द्यायचा नाही. सरळच सांगतो, मला त्याचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

त्याचा पोटापाण्याचा धंदा वेगळा होता. वालीवच्या एका लहान कारखान्यात तो ड्रिल मशिनवर होता. भुईगावला किनाऱ्याकडच्या वस्तीत त्याचं घर. तिथून सायकलने वालीवला जायचा आणि सायकलनेच परत यायचा. उरलेल्या वेळात लोकांच्या माळ्यावरची वटवाघळं काढायचा. मारायचा नाही, पकडायचा नाही, धूर नाही, औषध नाही. छपराला जिथे फट असेल तिच्या तोंडाशी तो शर्टाची एक बाही लाकडाच्या पट्ट्या ठोकून बसवायचा. बाहीचं मनगटाकडचं टोक खाली लोंबतं सोडलेलं. संध्याकाळी वटवाघळं त्या बाहीतून सरपटत बाहेर पडायची, पण पहाटे परत आली की त्यांना आत शिरायची वाट सापडायची नाही. आठ-दहा दिवसांत माळा रिकामा. ऐकायला पोरखेळ वाटतो, आणि मी तर नववीच्या पोरांना विज्ञान शिकवणारा. मला तो पोरखेळच वाटला होता. पण त्याचं काम जमायचं, त्याला काय करणार?

अट एकच. बाही घरातल्या कर्त्या माणसाच्या फुल शर्टाची पाहिजे, आणि तीही वापरातल्या. नवं कापड आणलं तर तो हातात धरायचा, वास घ्यायचा आणि परत द्यायचा. त्याचं म्हणणं असं की ज्याच्या घामावर घर चालतं त्याचा वास घरभर, पार आढ्यापर्यंत मुरलेला असतो, वटवाघळांना तो ओळखीचा असतो, त्या वासाच्या बाहीत ती न बिचकता उतरतात. याला शास्त्रात काडीचा आधार नाही हे मी त्याला दोनदा समजावून सांगितलं. तो दोन्ही वेळा "बरोबर हाये, सर" म्हणाला आणि अट तशीच ठेवली. मेहनताना म्हणून पैसे घ्यायचा नाही. उरलेला शर्ट घ्यायचा. दुसरी बाही पहिलीइतकी कापून तो अंगात घालायचा, म्हणून त्याच्या अंगावर कायम वसईतल्या कुणा ना कुणा कुटुंबप्रमुखाचा शर्ट असे.

तेव्हा दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "घरात कर्ता कोन?"

या प्रश्नाने वसईत जेवढी भांडणं लावली तेवढी वाडीच्या बांधांनीही लावली नसतील. निर्मळला दोघा भावांच्या एकत्र घरात त्याने हा प्रश्न विचारला तेव्हा दोघेही आपापला शर्ट घेऊन बाहेर आले. थोरला म्हणाला, मी थोरला. धाकटा म्हणाला, वाडी कोण बघतो? "तुमचं ठरू द्या," म्हणून हा निघून गेला. ठरायला दीड वर्ष लागलं आणि शेवटी घरात मधोमध भिंत उभी राहिली. मग त्याला पुन्हा बोलावलं. भिंत माळ्यापर्यंत गेलेली नव्हती. खाली दोन चुली झाल्या तरी वर वटवाघळं एकत्र कुटुंबातच नांदत होती. त्याने दोन फटींना दोन भावांच्या दोन बाह्या लावल्या. भुईगावला एका विधवा बाईंनी त्याला दारातच सुनावलं, "कर्ता मीच. नवरा आखातात होता तवा पन मीच होते." आणि त्यांनी स्वतःचा, रविवारी चर्चला जाताना घालायचा लांब बाह्यांचा फुलाफुलांचा झगा आणून दिला. त्याने तो घेतला. एक बाही कापली, काम केलं आणि उरलेल्या झग्याचं सायकलच्या सीटला कव्हर शिवून घेतलं. ते कव्हर पुढे बरीच वर्षं वालीवच्या रस्त्याने जा-ये करत होतं. स्टेशनजवळच्या एका सोसायटीत म्हणे हा प्रश्न विचारल्यावर कमिटीचे सातही जण शर्ट घेऊन जिना उतरले.

दिसायला काटकुळा, कान मोठे, एका कानावर पेन्सिल. खुर्ची दिली तरी बसायचा नाही. बादली पालथी घालून तिच्यावर बसायचा. बोलताना समोरच्या माणसाकडे न बघता छपराकडे बघायचा. लग्नाच्या मांडवात गेला तरी मांडवाच्या छताकडे. चर्चमध्ये कुणाच्या मयताला गेला की नजर वर लावून बसायचा आणि फादरना वाटायचं, बाहेरचा असून केवढा भाविक. तो खरं म्हणजे वाशांमधल्या फटी मोजत असायचा.

आता आमच्या घराकडे येतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याकडचा. वसईच्या शाळेत नोकरी लागल्यावर निर्मळला केळीच्या वाडीत एक कौलारू घर भाड्याने घेतलं होतं. घर चांगलं होतं, पुढे पडवी, मागे विहीर. फक्त माळ्यावर वटवाघळं. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "ती आमच्या आजोबांपासनं आहेत. भाडेकरू बदलला म्हणून ती कशाला जातील?" फळ्यांच्या सांदीतून लेंड्या पडायच्या. उग्र वास कपड्यांना, अंथरुणाला, पोळीलासुद्धा. एकदा सहामाहीचे तपासलेले पेपर वाटले तर एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, माझ्या पेपरावर हे काय आहे?" साऱ्या वर्गासमोर मला ते सांगावं लागलं.

मी विज्ञानाने लढलो. डांबराच्या गोळ्या ठेवल्या. आम्हालाच मळमळायला लागलं. मिरच्यांचा धूर केला. शेजारच्या वाडीतली माणसं खोकत खोकत चौकशीला आली. मग माळ्यावर शंभरचा बल्ब लावला. त्या उजेडाला वाडीतले सगळे किडे जमा झाले आणि वटवाघळांना घरपोच जेवण मिळू लागलं. बायको हसली नाही, पण ओठ दाबून मोरीत गेली ते मी पाहिलं.

त्याच घरात बाबा होते. आई गेल्यानंतर मी त्यांना कायमचं निर्मळला आणलं. त्यांनी तीस वर्षं जकात नाक्यावर कारकुनी केली होती. आल्यावर त्यांचं नाव रेशनकार्डावर चढवायचं होतं. फॉर्ममध्ये 'कुटुंबप्रमुख' असा रकाना. मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, कमावता कोण त्याचं नाव घाला. मी माझं घातलं. बाबांचं नाव खाली आलं, तिसऱ्या ओळीत, पुढे नातं 'वडील'. नवं कार्ड हातात आलं तेव्हा बाबांनी चष्मा लावून ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. जन्मभर लोकांचे दाखले तपासलेला माणूस. मग कार्ड मिटलं, देवाच्या तसबिरीमागे ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे."

ते माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं शेवटचं वाक्य. त्यानंतर सगळं बायकोमार्फत. "त्याला सांग, दाराला कडी घाल म्हणावं." मी समोर बसलेला असलो तरी "त्याला सांग". मी काय चुकीचं लिहिलं होतं? घरभाडं माझ्या पगारातून जात होतं, किराणा माझा, औषधं माझी. पण दिवसभर वर्गात चाळीस पोरं मान देतात आणि घरी आल्यावर जन्मदाता 'त्याला' म्हणतो, याने माणूस आतून कुढत जातो. एकदा त्यांनी तोंडाने म्हणावं की हे घर तू चालवतोस, एवढंच मला हवं होतं. माफी मागायचं माझ्या मनात यायचं, पण माफी मागायची तर चूक कबूल करावी लागते. राग धरण्यात मी बाबांवरच गेलो आहे. निर्मळच्या इस्त्रीवाल्याने एकदा माझा चांगला शर्ट हरवला, तेव्हापासून मी त्याच्या टपरीवरून जाताना मान दुसरीकडे वळवत असे.

बाहीवाल्याला बायकोने बोलावलं. फुलं घेऊन येणाऱ्या बाईने तिला सांगितलं होतं. मे महिन्यातली संध्याकाळ होती. हा आला, सायकल लावली, आमचीच बादली पालथी घालून बसला आणि छपराकडे बघत विचारलं, "घरात कर्ता कोन?"

"मी," मी म्हणालो.

बाबा पडवीतच आरामखुर्चीत होते. ते उठले, आत गेले आणि आतून पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला. बाहीवाल्याने कान खाजवला. "बरं," तो म्हणाला, "बाही शेवटी लागते. आता पिल्लं हायेत. गनपती होऊ द्या. तवर मोजू." मग त्याने समजावलं. पिल्लं उडायला लागली की बाहेर पडणारांचा आकडा वाढतो. आकडा वाढायचा थांबला, की सगळी उडती झाली असं समजायचं. मगच बाही.

फटी दोन होत्या, पुढच्या बाजूला एक आणि विहिरीकडे एक. बारीकसारीक फटी तो काथ्या आणि चुना भरून बुजवणार होता. दोन फटींना एकाच वेळी मोजायला दोन माणसं पाहिजेत. मी म्हटलं, मी मोजतो. दिवे लागायच्या वेळेला वटवाघळं सुटली. मी पुढची फट मोजली, अठ्ठेचाळीस. तो विहिरीकडची मोजून परत बादलीवर येऊन बसला तेव्हा मोठ्या आवाजात सांगितलं. तेव्हा खिडकीतून बाबांचा आवाज आला, बायकोला उद्देशून. "त्याला सांग, त्रेसष्ट. दोन जोडीने सुटतात तेव्हा तो एकच धरतोय."

बाहीवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा छप्पर सोडून माणसाकडे बघितलं. तो बादलीवरून उठला, खिडकीशी गेला आणि म्हणाला, "बाबा, तुमी बाहेर या."

दुसऱ्या दिवसापासून पुढची फट बाबांची झाली, आणि विहिरीकडची त्याने काथ्याने भरून टाकली, म्हणजे दोघांनी पडवीत बसून एकच वाट मोजायची. आठवड्यातून तीनदा पाळी संपवून हा यायचा. बाबांनी चिंचोक्यांची वाटी घेतली. दहा वटवाघळं गेली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. नाक्यावर बैलगाड्या याच पद्धतीने मोजायचे म्हणे. मला हे माहीत नव्हतं. माझ्या बापाने तीस वर्षं गाड्या कशा मोजल्या हे मला एका ड्रिल मशिनवाल्याशी चाललेल्या गप्पांतून कळलं.

आणि काय गप्पा! मी आत पेपर तपासत बसायचो आणि पडवीतून बाबांचं हसणं यायचं. आई असतानाही ते इतके हसल्याचं मला आठवत नाही. नाक्यावरून एकदा नवरदेवाची गाडी वऱ्हाडाला चुकवून एकटीच पुढे आली, ती गोष्ट. साहेबाच्या टोपीत घूस बसली, ती गोष्ट. आणि एक उंट. नाक्यावर एकदा एक माणूस उंट घेऊन आला, आता उंटाची जकात कुठल्या सदरात धरायची? गाडी म्हणावं तर चाकं नाहीत, गुरं म्हणावं तर यादीत उंट नाही. मी लाल पेन हातात धरून कान देऊन ऐकत होतो. नेमकी तेव्हाच कुकरने शिट्टी दिली. शिट्टी थांबली तेव्हा दोघेही खो खो हसत होते आणि उंटाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. लाल पेन उघडंच खिशाला लावलं होतं हेही मला नंतर कळलं. निळ्या रेघांचा शर्ट, खिशाच्या तळाला कायमचा लाल डाग. बायको म्हणाली, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" कुठे असतं ते मी काय सांगणार?

मी गप्पांत शिरायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. एका संध्याकाळी पडवीत जाऊन मी वटवाघळं अंधारात कशी उडतात ते सांगायला सुरुवात केली. श्रवणातीत ध्वनी, त्याचा प्रतिध्वनी, सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं. बाबा चिंचोके मोजत राहिले. बाहीवाला छपराकडे बघत राहिला. माझं संपल्यावर तो म्हणाला, "सर, तुमच्या बोलन्यात सात सुटली." बाबा म्हणाले, "आठ." आणि दोघे हसले. मी आत आलो.

जूनच्या शेवटी बाबा बायकोला म्हणाले, "आज त्याला जेवायला थांबव गं, पिठलं कर." क्षणभर मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलताहेत. 'त्याला' हा शब्द इतके दिवस माझ्या वाट्याचा होता. आता तोही त्या माणसाला गेला. त्या दिवशी मी पोट दुखतंय सांगून जेवलो नाही, आणि भूक तर सपाटून लागली होती.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. हा गणपतीपर्यंत येत राहणार, बाबा हसत राहणार आणि मी आत बसून पेपर तपासणार. मला वाटलं, पिल्लांचं सगळं सोंग आहे, याला गप्पांची चटक लागली आहे. वटवाघळं गेली की हाही जाईल. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी होती, म्हणून तो येणार नव्हता. बाबा बायकोबरोबर देवळात कीर्तनाला गेले होते. मी विचार केला, अगदी शास्त्रशुद्ध: दिवेलागणीला सगळी बाहेर पडतात, म्हणजे तेव्हा माळा रिकामा असतो. फट तेव्हाच बुजवली तर बाही नको, गणपती नको आणि बाहीवालाही नको. विहिरीकडची फट त्याने आधीच काथ्याने भरून एकच वाट ठेवली होती. वटवाघळं सुटून संपली तशी मी शिडी लावली आणि पुढची फट सिमेंटने बंद केली. हात धुतले आणि समाधानाने जेवलो.

पिल्लं आत होती. सोंग नव्हतं. उडता न येणारी, फळ्यांना चिकटलेली, आया बाहेर गेलेल्या.

पहाटे आया परतल्या. मला जाग आली ती पडवीच्या छपरावर चाललेल्या फडफडाटाने. शंभर-सव्वाशे वटवाघळं त्या ओल्या सिमेंटला धडका देत होती आणि आतून बारीक, टाचणीएवढे आवाज येत होते. बाबा उठलेलेच होते. त्यांनी वर बघितलं, मग सिमेंटची घमेली बघितली, मग माझ्याकडे बघितलं. बायकोला सुद्धा काही सांगितलं नाही. चपला घातल्या, छत्री घेतली आणि चालू लागले. जो माणूस वर्षभरात वाडीच्या फाटकापलीकडे एकटा गेला नव्हता, तो चिखलातून निर्मळहून भुईगावला चालत गेला आणि बाहीवाल्याला घेऊन आला. दुसरी पाळी करून रात्री उशिरा झोपलेला माणूस, तसाच उठून आलेला. येताना त्याने बाबांना त्या फुलाफुलांच्या सीटवर बसवलं होतं आणि स्वतः सायकल धरून चालत होता.

मला वाटलं, शिव्या घालेल. त्याने छिन्नी मागितली. शिडीवर चढला. मी खाली शिडी धरली. बायको दारात, बाबा अंगणात छत्रीखाली. "त्याला सांग," बाबा म्हणाले, "शिडी नीट धर म्हणावं."

सिमेंट फुटलं. आया आत शिरल्या. बाहीवाला खाली उतरला, कपाळावरचा चुरा पुसला आणि फक्त एवढंच म्हणाला, "सर, जायला वाट दिली का जातात. बूच मारून कोन जात नाय." फळ्यांच्या सांदीतून तीन पिल्लं स्वयंपाकघरात पडून मेली होती. बोटाच्या पेराएवढी. बाबांनी ती केळीच्या पानात घेतली आणि वाडीत पुरली. मी बरोबर जायला निघालो तर बायकोने माझा हात धरला आणि मानेने नको म्हणाली.

मोजणी चालूच राहिली. ऑगस्टमध्ये आकडा वाढत गेला, बाबांचे चिंचोके एका वाटीत मावेनात, आणि मग तो थांबला. गणपतीनंतर एका दुपारी बाहीवाला येऊन काम करून गेला. मी शाळेत होतो, बायको बाजारात. घरी बाबा एकटे. परत आलो तर फटीला बाही लोंबत होती, काळी कुळकुळीत. सगळ्या बाह्या तो उलट्या करून चुलीच्या काजळीत घोळायचा, उजळ रंगाला वटवाघळं बिचकतात म्हणून. ती कुणाच्या शर्टाची हे बघून कळण्यासारखं नव्हतं. आणि विचारायची गरजही नव्हती. बाबा घरी होते, कर्त्याचा शर्ट त्यांच्याकडे मागितला होता, त्यांनी आपला दिला असणार. त्यांच्या पेटीत पाच-सहा शर्ट होते, ते मी कधी मोजले नाहीत. त्या बाहीखालून मी शाळेत जायचो आणि मान वर करायचो नाही. ज्या घरावरून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, त्या घराच्या दारावर त्यांनी आपली बाही लावली, मला असं वाटायचं.

नवव्या दिवशी माळा रिकामा झाला. बाहीवाल्याचं येणं बंद झालं. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. वास गेला, पेपर स्वच्छ राहिले, पडवी शांत झाली. बाबा पुन्हा गप्प झाले. संध्याकाळी ते खुर्ची पुढच्या फटीकडे तोंड करून बसायचे आणि चिंचोक्यांची वाटी मांडीवर असायची.

दोन वर्षांनी ते गेले. शेवटचे आठ दिवस इस्पितळात होते, मी उशाशी. एकदा डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मग मान वळवून बायकोला म्हणाले, "त्याला सांग, घरी जाऊन थोडा झोप म्हणावं." मी गेलो नाही.

पुढे आम्ही विरारला फ्लॅट घेतला. वर स्लॅब, स्लॅबच्या वर पाण्याच्या टाक्या, वटवाघळाला जागा नाही. बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतर कधीतरी, मी वसईच्या बाजारात केळी घ्यायला गेलो होतो. मागून घंटी वाजली. फुलाफुलांचं कव्हर फाटून गेलं होतं, सायकल तीच होती. बाहीवाला म्हातारा दिसत होता. वालीवचा कारखाना बंद पडला म्हणाला. घरंही सगळी स्लॅबची झाली, आता कोण बोलावणार? "बाबांच्या मयताला आलो होतो," म्हणाला. "मागं उभा होतो."

मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. मी त्याच्या शर्टाकडे बघत होतो. निळ्या रेघा, धुऊन धुऊन फिकट झालेल्या. दोन्ही बाह्या कोपरावर कापलेल्या. खिशाच्या तळाला लाल शाईचा डाग.

"हा शर्ट कुठला?" मी विचारलं.

"तुमच्या घरचा."

"हा माझा आहे. हा इस्त्रीवाल्याने हरवला होता."

"हरवला कशाला?" तो म्हणाला. "बाबांनी दिला. मी इचारलं, कर्ता कोन ते ठरलं का? ते आत गेले. इस्त्रीला द्यायचं गाठोडं होतं, ते सोडलं आनि त्यातला हा काढून दिला. म्हनले, कार्डावर ज्याचं नाव हाये त्याचा घ्या."

केळीवाली पिशवी पुढे करून उभी होती, मी ती घेतली की नाही ते आठवत नाही. "हसत म्हणाले?" मी विचारलं. "की रागाने?"

त्याने सवयीने वर बघितलं. बाजारात वर काही नव्हतं. "म्हनले आपले. मंग आमी दोघं चा प्यालो."

"पण चेहरा कसा होता त्यांचा?"

"आता इतक्या वर्षांनी काय सांगू, सर? बाबांचा चेहरा, तसा." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो म्हणाला, "शर्ट पायजे का परत? मी जास्ती वापरत नाय हा. चांगला हाये."

"नको," मी म्हणालो. "राहू द्या तुम्हाला."

तो सायकलवर बसला आणि घंटी वाजवत गेला. माझा शर्ट माशांच्या बाजाराच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तिथे उभा होतो. जे एक वाक्य ऐकायला मी सबंध जन्म बाबांच्या तोंडाकडे बघत काढला, ते त्यांनी म्हटलं होतं. त्या दुपारी पडवीत दोनच माणसं होती आणि त्यातला एक मी नव्हतो.